एआय ड्रोनची सुरक्षा-पडताळणी: कामाचा नेमका क्रम आणि वारंवार होणाऱ्या चुका

"मॉडेलची अचूकता ९८ टक्के आहे. १०० उड्डाणं झाली, एकही अपघात नाही. म्हणून आमचा ड्रोन सुरक्षित आहे." कॅमेऱ्यातून पाहून स्वतः निर्णय घेणाऱ्या ड्रोनच्या सुरक्षा-अहवालांत या अर्थाची वाक्यं फार वेळा दिसतात. पहिली दोन खरी असली तरी त्यांतून तिसरं निघत नाही. १०० उड्डाणांत शून्य बिघाड यावरून ९५ टक्के खात्रीने इतकंच म्हणता येतं, की बिघाडाचं प्रमाण दर १०० उड्डाणांत तीनहून कमी असावं. शाळेच्या मैदानावरून जाणाऱ्या यंत्राला तेवढ्यावर परवानगी द्यावी, असं कोणताही जबाबदार माणूस म्हणणार नाही.

चूक बहुतेकदा हुशारीच्या अभावाने होत नाही, कामाचा क्रम उलटा लागल्याने होते. आधी मॉडेल तयार होतं, मग उड्डाणं होतात आणि अखेरीस फाइल भरण्यासाठी पुराव्यांची शोधाशोध सुरू होते. पुराव्याची आखणी मॉडेलच्या आधी व्हायला हवी. खालचे टप्पे त्या क्रमाने लावले आहेत.

सबंध लेखात एकच उदाहरण धरू. १२ किलोचा, सहा पंख्यांचा सर्वेक्षण-ड्रोन महाराष्ट्रातल्या शेतशिवारावरून उडतो. मोटर किंवा बॅटरी दगा देऊ लागली की खाली रोखलेल्या कॅमेऱ्याचं चित्र न्यूरल नेटवर्ककडे, म्हणजे आपल्या एआय मॉडेलकडे, जातं, नेटवर्क उतरण्याजोगी जागा निवडतं आणि ऑटोपायलट ड्रोन तिथे उतरवतो. माणूस मध्ये नाही.

## सुरू करण्यापूर्वी

तीन गोष्टी नसतील तर पुढे जाऊ नका.

पहिली, पडताळणी करणारा माणूस मॉडेल बनवणाऱ्यांपैकी नको. चार जणांच्या संघातही एकाला बाजूला काढता येतं. त्याला टेस्ट डेटा (मॉडेलची परीक्षा घेण्यासाठी राखलेली चित्रं) आपल्याकडे कुलूपबंद ठेवण्याचा आणि "हे चालणार नाही" असं म्हणण्याचा अधिकार लेखी द्या.

दुसरी, लॉग. कॅमेऱ्याची प्रत्येक फ्रेम, नेटवर्कचं उत्तर, उंची, वेग आणि बॅटरी यांच्या नोंदी एकाच घड्याळाला बांधलेल्या हव्यात. दोन घड्याळांत अर्ध्या सेकंदाचा फरक असेल तर घटनेनंतर काहीच सिद्ध करता येत नाही.

तिसरी, उडवायची जागा. भारतात ड्रोन नियम २०२१ नुसार २ किलोपेक्षा जास्त आणि २५ किलोपर्यंतचा ड्रोन 'स्मॉल' वर्गात मोडतो आणि त्याला एरवी टाइप सर्टिफिकेट (ड्रोनच्या त्या नमुन्याला मिळणारी सरकारी मान्यता) लागतं. मान्यताप्राप्त स्टार्टअप, शैक्षणिक संस्था आणि उत्पादक यांना संशोधनासाठी सूट आहे, पण ती ग्रीन झोनमध्ये (पूर्वपरवानगीविना उडवता येतं अशा हवाई पट्ट्यात) आणि स्वतःच्या ताब्यातल्या आवारात किंवा मोकळ्या जागेत. ओळखीच्या शेतकऱ्याने तोंडी "उडवा की" म्हटलं म्हणून ते शेत तुमच्या ताब्यात येत नाही. लेखी घ्या, आणि उडवण्याआधी त्या दिवशीचा हवाई नकाशा आणि लागू असलेला नियम पुन्हा पाहा.

## टप्पा १: ड्रोनची कार्यकक्षा आकड्यांत लिहा

पहिला कागद परिसराचा. ड्रोन कुठे, केव्हा, किती उंचीवर आणि कोणत्या हवेत हे काम करणार? विमान-सुरक्षेच्या क्षेत्रात याला ऑपरेशनल डिझाइन डोमेन म्हणतात. पुढे आपण 'कार्यकक्षा' म्हणू.

"दिवसा, चांगल्या हवेत, ग्रामीण भागात" हे वर्णन टाकाऊ आहे, कारण ते मोजता येत नाही. मोजता येईल असं लिहा: सूर्य क्षितिजाच्या किमान १५ अंश वर, वारा सेकंदाला ८ मीटरपर्यंत, पाऊस नाही, जागेचा निर्णय जमिनीपासून ६० ते १५ मीटर उंचीदरम्यान. आकडे तुमच्या ड्रोनप्रमाणे बदलतील.

पृष्ठभागांच्या यादीला सगळ्यात जास्त वेळ द्या. मे महिन्यातलं नांगरलेलं काळं रान आणि ऑगस्टमधलं तेच रान कॅमेऱ्यासाठी दोन वेगळ्या जागा आहेत. कोकणातला सडा (कातळाचं पठार) पावसाळ्यात हिरवा असतो आणि एप्रिलमध्ये करपलेला. उभा ऊस वरून सपाट हिरवा दिसतो, पण माणसाच्या डोक्याच्या बराच वर गेलेला असतो आणि आत तोडणीचे मजूर असू शकतात. द्राक्षाचे मांडव, शेडनेट, मल्चिंगचा चकाकणारा कागद, सौरपंपाची पॅनेलं, डांबरी रस्त्याच्या कडेला वाळत घातलेलं सोयाबीन हे सगळं यादीत हवं. आणि शेततळं. प्लास्टिकचा कागद अंथरलेलं, स्थिर पाण्याने भरलेलं, कडा सरळ, रंग एकसारखा, अडथळा एकही नाही. मोकळी सपाट जागा शोधायला शिकलेल्या मॉडेलला ते सर्वोत्तम वाटण्याचा धोका खरा आहे. परदेशातून उतरवलेल्या तयार डेटासेटमध्ये तुम्हाला शेततळं सापडण्याची आशा धरू नका.

कॅमेऱ्याचं गणितही इथेच करा. कॅमेऱ्याच्या दृष्टिक्षेत्राचा कोन ९० अंश असेल तर ६० मीटरवरून चित्रात १२० मीटर रुंदीची जमीन येते. नेटवर्कला देताना चित्र ६४० पिक्सेलवर आणलं तर एक पिक्सेल सुमारे १९ सेंटिमीटरचा. उभ्या माणसाचे खांदे वरून दोन-तीन पिक्सेल भरतात. १५ मीटरवर आल्यावर तेच खांदे दहाएक पिक्सेलचे होतात, पण १ सेंटिमीटर जाडीची वीजवाहक तार तिथेही पिक्सेलच्या एक-पंचमांश उरते. म्हणजे या कॅमेऱ्याने तार शोधण्याची जबाबदारी नेटवर्कवर टाकणंच चूक आहे. ती नकाशाने किंवा दुसऱ्या सेन्सरने घ्यायला हवी. ट्रेनिंगवर एक रुपया खर्च होण्याआधी ही गोष्ट कागदावर कळते.

तपासा: कार्यकक्षेतल्या प्रत्येक अटीपुढे दोन उत्तरं लिहिलेली हवीत. अट मोडली हे उडताना ड्रोनला कशावरून कळेल? कळल्यावर तो काय करेल? सूर्याची उंची घड्याळ आणि जीपीएसवरून काढता येते. पावसासाठी सेन्सर नसेल तर ती अट चालकाच्या यादीत जाते, आणि तसं स्पष्ट लिहावं लागतं.

## टप्पा २: धोके ड्रोनच्या पातळीवर मांडा

"नेटवर्क चुकू शकतं" हा धोका नाही, ते एक कारण आहे. धोका असा लिहा: "माणसं असलेल्या जागी उतरणं", "रहदारीच्या रस्त्यावर उतरणं", "नियंत्रण सुटून कोसळणं". प्रवासी विमानांसाठी हे काम एआरपी ४७६१ या दस्तऐवजातल्या पद्धतींनी होतं: आधी कार्यांचे धोके, मग त्यांच्या कारणांची झाडासारखी उतरंड. छोट्या ड्रोनसाठी तीच पद्धत दोन-तीन पानांत बसते. जमिनीवरचा आणि हवेतला धोका वेगवेगळा मोजण्यासाठी सोरा ही आंतरराष्ट्रीय पद्धत वापरता येते.

मग नेटवर्कच्या उत्तराचे बिघाड लिहा. धोक्याच्या जागेला सुरक्षित म्हणणं, सुरक्षित जागा नाकारणं, उत्तर उशिरा येणं, उत्तर न येणं, आणि उत्तर सतत बदलत राहणं. दुसरा आणि पाचवा हमखास सुटतात. सुरक्षित जागा नाकारणं वरवर निरुपद्रवी वाटतं, पण बॅटरीत ९० सेकंद उरलेली असताना तीनदा नकार आला तर ड्रोन कुठेही पडतो. दोन जागांमध्ये दर फ्रेमला मन बदलणारं नेटवर्क ड्रोनला दोन्हींच्या मधोमध, विहिरीवर किंवा गोठ्यावर, नेऊन सोडू शकतं.

आता जोखमीची वाटणी. आकडे केवळ उदाहरणादाखल: १,००० तासांत एकदा आपत्कालीन उतरण्याची वेळ येते, नेटवर्क १०० निर्णयांत एकदा धोक्याच्या जागेला सुरक्षित म्हणतं, आणि स्वतंत्र तपासनीस (नेटवर्कचं उत्तर तपासणारा वेगळा छोटा प्रोग्राम, पाहा टप्पा ३) अशा १० चुकांपैकी ९ पकडतो. गुणाकार केला तर १० लाख तासांत एक चुकीचं उतरणं.

सावधान: हा गुणाकार घटना परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच वैध आहे. तपासनीसही त्याच कॅमेऱ्यातून पाहत असेल तर भिंगावरची धूळ दोघांनाही एकाच वेळी आंधळं करते. त्याहून जास्त दुर्लक्षित गोष्ट म्हणजे मोटर बिघडल्यावर ड्रोन थरथरतो, कलतो आणि चित्र धूसर होतं. नेटवर्कची गरज नेमकी तेव्हाच पडते. शांत उड्डाणात मोजलेलं १०० मध्ये १ हे प्रमाण त्या क्षणी लागू नाही.

माणसाबद्दलची गृहीतकंही याच कागदावर लिहा. बोइंग ७३७ मॅक्सच्या २०१८ आणि २०१९ मधल्या दोन अपघातांत ३४६ माणसं गेली. त्यातल्या एमसीएएस या, विमानाचं नाक आपोआप खाली दाबणाऱ्या प्रणालीत कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हती. तरी एकाच सेन्सरवर भिस्त आणि वैमानिक बिघाड ओळखून ठरलेली कृती वेळेत करतील हे गृहीतक, या दोन गोष्टी एआय ड्रोनच्या फायलींत आजही तशाच सापडतात. "चालक हस्तक्षेप करेल" असं लिहिलं असेल तर किती सेकंदांत, कोणती खूण पाहून आणि संपर्क तुटलेला असेल तर कसा, हेही लिहा.

## टप्पा ३: मॉडेल चुकलं तरी सांभाळून घेईल अशी रचना करा

मोठ्या प्रवासी विमानात सर्वांत भीषण बिघाडाचं प्रमाण एक अब्ज उड्डाण-तासांत एकाहून कमी असावं लागतं. ते निव्वळ उडवून सिद्ध करायचं तर सुमारे तीन अब्ज तास निर्दोष उडवावं लागेल, म्हणजे एका विमानाला ३ लाख ४० हजारांहून अधिक वर्षं. छोट्या ड्रोनचं लक्ष्य इतकं कडक नसलं, तरी फक्त चाचण्यांवर भार टाकता येत नाही हा निष्कर्ष तोच राहतो. भार रचनेनेच उचलायला हवा.

ही रचना रन-टाइम अश्युरन्स नावाने ओळखली जाते आणि एएसटीएम या मानक-संस्थेचं एफ३२६९ हे मानक तिच्यासाठीच आहे. तिचे तीन भाग असतात: गुंतागुंतीचं, पूर्ण पडताळता न येणारं कार्य (आपलं नेटवर्क), त्याच्यावर नजर ठेवणारा साधा तपासनीस, आणि तपासनीसाने नकार दिल्यावर चालणारा साधा, पूर्ण पडताळलेला पर्याय. तपासनीस आणि पर्याय मुद्दाम छोटे ठेवतात, कारण त्यांचा कोड ओळ न् ओळ तपासता यायला हवा.

आपल्या ड्रोनसाठी तपासनीस असा असू शकतो:

- निवडलेली जागा आधीच भरलेल्या नकाशातल्या रस्ते, पाणी, वस्ती आणि वीजवाहिन्यांच्या पट्ट्याबाहेर आहे का?
- खाली रोखलेला लायडार (लेसर किरणांनी अंतर मोजणारा सेन्सर) ती जागा सपाट दाखवतो का? किरण परत आलेच नाहीत तर उत्तर 'नाही'. स्थिर पाण्यावर बहुधा हेच घडतं, आणि शेततळ्याविरुद्ध ही आपली दुसरी भिंत आहे.
- उरलेल्या बॅटरीत तिथे पोहोचता येतं का?
- सलग काही फ्रेम उत्तर तेच राहिलं का?

पर्याय म्हणून मार्ग आखतानाच ठरवून ठेवलेल्या उतरण्याच्या जागा आणि शेवटी पॅराशूट. पॅराशूट उघडायला किमान उंची लागते. त्यामुळे "या उंचीखाली पॅराशूटचा उपयोग नाही" ही रेघ आखा आणि नेटवर्कचा निर्णय त्या रेघेच्या वरच पूर्ण होईल असं पाहा. पुष्कळ आराखड्यांत हे दोन्ही आकडे वेगवेगळ्या पानांवर असतात आणि एकमेकांना छेद देतात.

तपासनीस अतिसावध असला तरी घातक ठरतो. अमेरिकेच्या एफ-१६ विमानांत २०१४ पासून जमिनीवर आदळणं टाळणारी स्वयंचलित प्रणाली वापरात आहे. तिच्या आखणीत अपघात टाळण्याच्याही आधी दोन अटी होत्या: अपाय करू नये, आणि वैमानिकाच्या कामात विनाकारण आड येऊ नये. तपासनीसाने विनाकारण दिलेले नकार मोजा. त्याचीही मर्यादा टप्पा २ च्या कागदावर असू द्या.

तपासा: नेटवर्क काढून त्या जागी मुद्दाम वाईट उत्तरं देणारा छोटा प्रोग्राम बसवा. कधी तळं, कधी रस्ता, कधी काहीच नाही, कधी दर फ्रेमला नवीन जागा. तरीही ड्रोन माणसांना इजा न करता खाली येतो का, हे सिम्युलेटरमध्ये पाहा. येत नसेल तर डेटा गोळा करायला निघू नका.

## टप्पा ४: डेटा

एअरबसने ॲटॉल प्रकल्पात कॅमेऱ्याच्या आधारे प्रवासी विमान आपोआप उडवून आणि उतरवून दाखवलं. २०२० मध्ये संपलेल्या या प्रकल्पात ५०० हून अधिक उड्डाणं झाली, त्यांतली सुमारे ४५० केवळ व्हिडिओ गोळा करण्यासाठी होती. आपल्याकडच्या संघांचं वेळापत्रक नेमकं उलटं असतं: दोन आठवडे डेटा आणि चार महिने मॉडेलची घासाघीस.

आधी तक्ता बनवा. आडव्या ओळींत कार्यकक्षेतले पृष्ठभाग, उभ्या रकान्यांत ऋतू, वेळ, उंची आणि चित्राची अवस्था (स्वच्छ, धूसर, भिंगावर धूळ, सूर्य समोर). प्रत्येक चौकटीत किती वेगळ्या जागांचा डेटा आहे तो आकडा भरा. फ्रेमची संख्या भरू नका, कारण एका शेतावर घिरट्या घालून १०,००० फ्रेम मिळतात आणि जागा एकच राहते. रिकामी चौकट दिसली की दोनच मार्ग उरतात: डेटा आणा, नाहीतर ती परिस्थिती कार्यकक्षेतून काढा. युरोपच्या विमान-सुरक्षा संस्थेने, म्हणजे ईएएसएने, मशीन लर्निंगसाठी २०२१ पासून जे मार्गदर्शक दस्तऐवज काढले त्यांतही डेटा पूर्ण आणि प्रातिनिधिक असल्याचं दाखवणं हा मध्यवर्ती भाग आहे. ते दस्तऐवज बंधनकारक नाहीत, पण आराखडा म्हणून मला त्यांच्याइतकं उपयोगी दुसरं काही वाटत नाही.

लेबल लावण्याचे, म्हणजे चित्रातली जागा सुरक्षित की धोक्याची हे माणसाने नोंदवण्याचे, नियम लेखी हवेत. गवत गुडघ्याइतकं असेल तर सुरक्षित की नाही? बांधापासून किती अंतर? एकच चित्र दोघांना स्वतंत्रपणे द्या. दोघांची उत्तरं जुळत नसतील तर नियम अपुरे आहेत, आणि तो गोंधळ मॉडेल इमानदारीने शिकणार आहे. लेबल लावणाऱ्यांत शेती जाणणारा एकजण असलाच पाहिजे. कांद्याच्या चाळीचं छप्पर आणि मोकळं खळं यांतला फरक वरून ओळखायला शहरातल्या इंजिनिअरला वेळ लागतो.

सावधान, सर्वांत जास्त होणारी चूक: सगळ्या फ्रेम एकत्र करून त्यांची ८०-२० अशी वाटणी करणं. व्हिडिओतल्या लागोपाठच्या फ्रेम जवळजवळ सारख्याच असतात. एक ट्रेनिंगमध्ये आणि शेजारची टेस्टमध्ये गेली की मॉडेल परीक्षेत पाहिलेलाच प्रश्न सोडवतं. ९८ टक्क्यांचा आकडा पुष्कळदा असाच तयार होतो. वाटणी जागेनुसार करा: ज्या गावाची शिवारं ट्रेनिंगमध्ये आहेत, त्या गावाची एकही फ्रेम टेस्टमध्ये नको. शिवाय किमान एक ऋतू आणि एक कॅमेरा-संच पूर्णपणे टेस्टसाठी राखून ठेवा.

टेस्ट किती मोठी हवी? धोक्याच्या जागेला सुरक्षित म्हणण्याचं प्रमाण १ टक्क्याहून कमी आहे हे ९५ टक्के खात्रीने दाखवायचं तर धोक्याच्या सुमारे ३०० स्वतंत्र जागांवर एकही चूक होता कामा नये. एक चूक झाली तर संख्या सुमारे ४७५ वर जाते. ०.१ टक्क्यासाठी ३,००० जागा लागतात. लक्ष्याचा आकडा निवडण्याआधी हा हिशेब केला तर पुढची फजिती टळते.

तपासा: टेस्ट सेट पडताळणी करणाऱ्याकडे आहे, मॉडेल बनवणाऱ्यांनी तो उघडलेला नाही, आणि किती वेळा वापरला याची नोंद आहे. प्रत्येक वापरानंतर मॉडेल बदललं तर हळूहळू तोही ट्रेनिंग सेट होतो.

## टप्पा ५: ट्रेनिंग आणि मापं

हा भाग बहुतेकांना चांगला येतो, म्हणून दोनच मुद्दे.

सरासरी अचूकता बाजूला ठेवा. टप्पा २ मधल्या प्रत्येक बिघाडासाठी वेगळं माप हवं आणि ते उतरण्याच्या एका निर्णयामागे मोजा, फ्रेममागे नको. निकाल टप्पा ४ च्या तक्त्यातल्या प्रत्येक चौकटीसाठी स्वतंत्र द्या. सरासरी ९८ असताना 'संध्याकाळ आणि पाणी' या चौकटीत ६० असू शकते, आणि माणसं त्या चौकटीतच सापडतात.

नेटवर्क सोबत देतं तो ०.९७ सारखा आकडा म्हणजे बरोबर असण्याची शक्यता नव्हे. आधुनिक नेटवर्कं सर्रास अवाजवी आत्मविश्वास दाखवतात. ०.९ च्या आसपास आकडा आलेले सगळे निर्णय एकत्र करून त्यांतले खरोखर ९० टक्के बरोबर होते का ते मोजा. कधीच न पाहिलेली दृश्यं, जसं की मिठागर, जत्रेचे तंबू किंवा पूर आलेली नदी, देऊनही आकडा किती येतो ते पाहा. तो उंचच राहत असेल तर 'हे चित्र माझ्या ओळखीचं नाही' असं सांगणारी वेगळी यंत्रणा हवी.

## टप्पा ६: बोर्डवर बसलेलं मॉडेल तपासा

लॅपटॉपवर तपासलेलं मॉडेल उडत नाही. ड्रोनच्या बोर्डवर बसवताना ३२ बिटांचे आकडे बहुधा ८ बिटांत आणले जातात, काही गणिती क्रिया बदलल्या जातात. सगळा टेस्ट सेट बोर्डवरच चालवा आणि लॅपटॉपपेक्षा वेगळा निर्णय आलेलं प्रत्येक चित्र माणसाने पाहा. टक्केवारीचा फरक नगण्य दिसला तरी फरक धोक्याच्या जागांवरच साचलेला असू शकतो.

वेळ मोजताना सरासरी पुरत नाही, सर्वांत वाईट वेळ धरा. ड्रोन सेकंदाला ८ मीटरने सरकत असताना उत्तराला पाव सेकंद लागला तर जमीन दोन मीटर मागे गेलेली असते. विदर्भात मे महिन्यातल्या ४५ अंशांत बोर्ड तापून स्वतःचा वेग कमी करतो, म्हणून ही चाचणी गरम हवेत, बंद कवचात, रेकॉर्डिंग चालू ठेवून करा.

विमानाच्या सॉफ्टवेअरसाठीच्या डीओ-१७८सी मध्ये, सर्वांत कडक पातळीवर, निर्णयातली प्रत्येक अट स्वतंत्रपणे निकाल बदलते हे चाचणीने दाखवावं लागतं. नेटवर्कचा कोड म्हणजे मुख्यतः गुणाकार आणि बेरजांची आवर्तनं. थोड्याच चित्रांत हे कव्हरेज (चाचण्यांनी कोडचा किती भाग तपासला याचं माप) पूर्ण भरतं आणि नेटवर्कच्या वागणुकीबद्दल काहीच कळत नाही. तपासनीस आणि पर्यायाच्या कोडवर ही पद्धत जरूर वापरा. नेटवर्कसाठी '१०० टक्के कव्हरेज' लिहून समाधान मानू नका.

गणिती सिद्धतेचा मार्ग आहे, पण त्याची मर्यादा ओळखा. २०१७ मध्ये रीलुप्लेक्स या पद्धतीने मानवरहित विमानांसाठीच्या एकास एक्सयू या टक्कर-टाळणाऱ्या प्रणालीच्या प्रायोगिक नेटवर्कांचे गुणधर्म सिद्ध करून दाखवले गेले. त्या प्रत्येक नेटवर्कला पाचच इनपुट होते, अंतर, कोन आणि वेग अशा अर्थाचे, आणि ३०० न्यूरॉन. तिथे "समोरचं विमान इतकं दूर असेल तर अमुक सूचना नको" असा नियम लिहिता येतो. लाखो पिक्सेलच्या चित्रासाठी "तळं म्हणजे काय" हे सूत्रात लिहिता येत नाही. एखाद्या चित्राचा उजळपणा थोडा बदलला तर उत्तर पालटत नाही, एवढं मात्र तपासता येतं. तेवढा दावा करा, त्याहून मोठा नको.

## टप्पा ७: सिम्युलेशन

सिम्युलेटर दोन कामांना अमोल आहे: प्रत्यक्षात करू नयेत अशा घटना (माणसं असलेल्या चौकावर मोटर बंद पडणं) आणि एकच घटना हजार प्रकारे बदलून पाहणं. पण त्याच्या निकालाला पुरावा म्हणण्याआधी सिम्युलेटरचीच परीक्षा घ्या. प्रत्यक्ष झालेली काही उड्डाणं त्यात पुन्हा उभी करा आणि नेटवर्क दोन्हीकडे सारखंच चुकतं का पाहा. बरोबर उत्तरं जुळणं सोपं असतं, चुका जुळल्या पाहिजेत. सिम्युलेटरमधलं पाणी फार स्वच्छ निळं असेल तर शेततळ्याबद्दलचा तुमचा सगळा पुरावा खोटा आहे.

## टप्पा ८: उड्डाण चाचण्या

क्रम असा ठेवा, आणि मधली पायरी गाळू नका.

१. नुसतं पाहणं. नेटवर्क चालू, पण नियंत्रण त्याच्याकडे नाही. त्याने काय निवडलं असतं याची फक्त नोंद. बहुतेक उड्डाण-तास इथेच जायला हवेत, कारण इथे चुकीची किंमत शून्य आहे.

२. तपासनीस आणि पर्याय. मुद्दाम बिघाड घडवा: कॅमेऱ्याची वायर काढा, जीपीएस बंद करा, नेटवर्कचा प्रोग्राम मध्येच मारा. ठरलेली प्रतिक्रिया दर वेळी यायला हवी.

३. बंदिस्त जागा. दोरीने किंवा जिओफेन्सने (नकाशावर आखलेल्या अदृश्य कुंपणाने) मर्यादित, माणसांविना रिकामं रान. इथे नेटवर्क प्रथमच ड्रोन उतरवतं. हातात वेगळ्या रेडिओवर चालणारं मोटर-बंद बटण असलेला चालक.

४. कार्यकक्षेच्या कडेपर्यंत. वारा, संध्याकाळ, उंची. एका वेळी एकच अट ताणा.

अमेरिकेच्या एक्स-६२ए विमानावर २०२३ मध्ये मशीन लर्निंगने शिकलेल्या प्रोग्रामांनी प्रत्यक्ष एफ-१६ समोर हवाई झुंजीचा सराव केला. तेव्हाही आत सुरक्षा-वैमानिक बसलेले होते, आणि आधी बचावाचे डावपेच, मग आक्रमक, असा चढता क्रम होता. आपल्याकडे माणूस आत नाही, म्हणून पायऱ्या आणखी लहान हव्यात.

थांबण्याचे नियम आधीच लिहा. कोणती घटना घडली की त्या दिवसाचं उडणं बंद? तपासनीसाने नेटवर्कची चूक पकडली आणि ड्रोन नीट उतरला, तर मैदानावर टाळ्या पडतात. नोंदीत मात्र ती नेटवर्कची एक चूक आहे. ती मोजली नाही तर टप्पा २ मधला १०० मध्ये १ हा आकडा कधीच तपासला जात नाही.

तपासा: चाचण्यांत दिसलेलं चुकीचं प्रमाण आणि टप्पा ४ मधल्या टेस्टने वर्तवलेलं प्रमाण जुळतं का? प्रत्यक्षात चुका जास्त होत असतील तर मॉडेलला हात लावण्याआधी डेटाचा तक्ता पुन्हा उघडा. कमी होत असतील तरी कारण शोधा. सोप्याच जागांवर उडवलं जातंय का?

## टप्पा ९: युक्तिवाद लिहा आणि बदल सांभाळा

आता सगळे कागद एका धाग्यात ओवा: दावा, तो का मानावा, आणि पुरावा कुठे आहे. प्रत्येक दाव्याखाली "हा कशाने खोटा ठरेल" हेही लिहा. ही ओळ लिहिताना ज्या दाव्यापाशी हात अडतो तो दावा बहुधा कच्चा असतो. फाइल बाहेरच्या माणसाला वाचायला द्या आणि तीन दिवसांत त्यातली भोकं शोधायला सांगा.

मॉडेल पुन्हा शिकवलं की ते नवं मॉडेल आहे. "फक्त आणखी २,००० चित्रं टाकली" म्हटल्याने जुनी पडताळणी लागू होत नाही, कारण बदललेल्या वजनांमुळे (नेटवर्कने शिकून साठवलेल्या आकड्यांमुळे) आधी बरोबर असलेल्या जागा चुकू शकतात. एक्स-६२ए च्या २१ चाचणी-उड्डाणांत उड्डाणाला निर्णायक अशा सॉफ्टवेअरच्या एक लाखाहून अधिक ओळी बदलल्या गेल्या. इतक्या वेगाने बदल करायचे तर पुन्हा-पडताळणी यंत्राने, ठरलेल्या क्रमाने आणि न चुकता व्हायला हवी. उडता उडता स्वतः शिकत राहणारं मॉडेल या पद्धतीत बसत नाही. ते वापरू नका.

पुढीलपैकी काहीही घडलं तर कोणता टप्पा पुन्हा करायचा ते आत्ताच ठरवून ठेवा:

- मॉडेल किंवा डेटा बदलला: टप्पा ४ पासून.
- कॅमेरा, भिंग, बोर्ड किंवा त्याचं फर्मवेअर बदललं: टप्पा ६ पासून. कॅमेऱ्याचा कोन बदलला असेल तर टप्पा १ मधलं पिक्सेलचं गणितही.
- नवा जिल्हा, नवं पीक, नवा ऋतू: टप्पा १ पासून.
- प्रत्यक्ष वापरात नेटवर्कची एक गंभीर चूक: उड्डाणं थांबवून टप्पा २ पासून.

मॉडेलच्या फाइलची डिजिटल खूण ऑटोपायलटने प्रत्येक उड्डाणाच्या लॉगमध्ये आपोआप लिहावी, आणि ती पडताळलेल्या खुणेशी जुळली नाही तर मोटर सुरूच होऊ नयेत, अशी सोय करा. मैदानावर घाईत चुकीची फाइल चढवली जाण्याची वेळ प्रत्येक संघावर येते. ही तपासणी कोडमध्ये फार तर एका दिवसाचं काम आहे.